भिंतीला खिळा ठोकू नये

ही घटना अक्षरशः खरी आहे. यातला एक शब्दही पदरचा नाही, हे मी पूर्ण गांभीर्यानं सांगतो.

अडचण एवढीच, की ती ज्यांच्या बाबतीत घडली, त्या करुणाताई भुतं मानत नाहीत.

भुतंच काय, आत्माही मानत नाहीत. घर बौद्ध, त्यात जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. नवरा, साहेबराव, गेला तेव्हा त्यांनी घरात कुणाला कावळ्याचं नावसुद्धा काढू दिलं नाही.

आणि तेव्हापासून त्या गुपचूप वाट बघत होत्या... निदान एखादं भांडं तरी पडेल म्हणून.

छावणीतल्या त्यांच्या राहत्या घरात काहीही पडलं नाही.

साहेबरावांनी मागं मुकुंदवाडीचा एक फ्लॅट ठेवला होता. भाड्यानं द्यायचा. त्याच्यावर त्यांचा भारी जीव. घर भाड्यानं कसं द्यावं, यावर ते लग्नाच्या पंगतीतही बोलत. करार अकरा महिन्यांचाच. पोलीस ठाण्यात माहिती आधी, चावी नंतर. घर रिकामं राहिलं तरी चालेल, पण नातेवाइकाला देऊ नये. आणि सगळ्यात महत्त्वाची अट, स्वतःच्या डोक्यातून निघालेली: भिंतीला खिळा ठोकू नये.

करुणाताईंनी हे सगळं पाळून सिल्लोडकडचं एक जोडपं ठेवलं. शिवराज कंपनीत, सुरेखा घरीच शिवणकाम करायची. माणसं चांगली. खिळ्याची अट त्यांनी, सगळेच भाडेकरू करतात तसं, वाचली आणि सोडून दिली. आल्या आल्या हॉलमध्ये घड्याळ लावलं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. भर दुपार. मुकुंदवाडीच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

करुणाताईंना शिवराजचा फोन आला.

"काकू, तुमच्याकडं दुसरी चावी हाय ना?"

"आहे. का?"

"मग येताना सांगून येत जा. बाईमाणूस एकटं असतं घरात."

"अरे, मी कशाला येऊ? ह्या उन्हात?"

"मग खिळा कुणी काढलाय?"

झालं असं, की सुरेखा आतल्या खोलीत मशिनवर बसली होती. हॉलमधून आवाज आला.

कर्रर्र...

भिंतीतून काहीतरी हळूहळू ओढल्यासारखा. मग फरशीवर... टक. टक. टक.

ती बाहेर आली. दाराची कडी आतून लावलेली. हॉलमध्ये कुणी नाही.

घड्याळ खाली होतं. पडलेलं नव्हतं. नीट भिंतीला टेकवून ठेवलेलं, चालू.

खिळा नव्हता. खिळ्याच्या भोकात पुट्टी भरलेली होती.

घरात पुट्टी नव्हतीच.

सुरेखानं बोट लावलं... ओली होती.

करुणाताई रिक्षा करून तडक गेल्या. खिळा स्वयंपाकघरात ओट्यावर सापडला. शिवराजनं तो चिमटीत धरून दाखवला.

"मी ठोकला तव्हा लई वाकला होता, काकू. आता बघा."

खिळा सरळ होता.

करुणाताईंच्या अंगावर काटा आला. वाकडा खिळा फेकून न देता फरशीवर ठोकून सरळ करणारा माणूस त्यांनी आयुष्यात एकच पाहिला होता.

म्हणजे आले होते. पण इथं.

भीती वाटायला हवी होती. करुणाताईंना संताप आला. घरी एक खिळा ठोका म्हटलं तर दिवाळी उजाडायची. साहेबरावांचा स्वतःचा फोटो खिळ्याअभावी आजही फ्रिजवर टेकवून ठेवलेला. आणि हा माणूस मेल्यावर परत येतो, तो बायकोला सोडून भाडेकरूकडे!

"घरमालक म्हणून चक्कर मारत असतील वो," सुरेखा समजुतीनं म्हणाली.

"घरमालक आता मी आहे," करुणाताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्या पुन्हा गेल्या. पिशवीत तो फोटो, हातोडी आणि खिळा. जोडप्याला बाहेर पाठवलं. स्टुलावर चढून, पुट्टी भरलेल्या जागीच खिळा ठोकला. साहेबरावांचा फोटो साहेबरावांच्याच भिंतीवर लावला.

"अहो," त्या म्हणाल्या, "खिळा ठोकलाय. या आता."

त्या स्टुलावर बसून राहिल्या. पंखा फिरत होता.

"मी काही बोलणार नाही. नुसतं कळू द्या, की आलात."

कर्रर्र...

त्या ताडकन उठल्या. शेजाऱ्यांचं दार होतं.

ऊन भिंतीवरून उतरलं. फोटो जागच्या जागी. खिळा जागच्या जागी. शेवटी त्या उठल्या, कुलूप लावलं, खाली आल्या. फाटकाशी सुरेखा उभी होती, तिच्या हातात चावी दिली आणि रिक्षा बघू लागल्या.

सुरेखा वर गेली आणि थोड्याच वेळात गॅलरीतून तिचा आवाज आला.

"काकू... फोटो तुम्ही खाली काढून ठेवलाय व्हय?"

"नाही."

"मग..." सुरेखानं बोट वर धरलं. "पुट्टी ओली हाय वो."

करुणाताई जिना उतरेपर्यंत कुणीतरी वर थांबलं होतं. त्या गेल्याची खात्री करून घेतली होती.

त्या वर गेल्या नाहीत. रिक्षात बसल्या.

शिवराज आणि सुरेखा अजून तिथंच आहेत. त्यांनी चिकटवायचे हूक आणलेत. हुकांना कुणी हात लावत नाही.

करुणाताई अजूनही आत्मा मानत नाहीत. पण छावणीच्या घरात त्यांनी भिंतभर खिळे ठोकून घेतलेत. ओबडधोबड, मुद्दाम वाकडे. खाली पुट्टीचा नवा डबा ठेवला, झाकण उघडून.

पुट्टी वाळून गेली.