हॅलोरनचा अस्सल फोटो

सोलोमन नागावकरांनी आपल्या एकुलत्या एका मुलीला चोर ठरवलं, त्याला तीन आठवडे झाले होते. वैजयंती पाटणकरांना त्यांनी बोलावलं ते पुराव्यासाठी.

१९८८चा नोव्हेंबर. लंडनमध्ये क्रॉयडनहून हेंडनपर्यंत गाडी चालवून शशिधरचे गुडघे आखडले होते. थोरला भाऊ गेल्यावर त्याची खाजगी तपासाची कचेरी वैजयंतीवहिनींनी चालू ठेवली होती, आणि रेल्वेतून निवृत्त झालेला शशिधर त्यांची गाडी चालवायचा. घरगुती भांडणं उपसून दोघंही थकले होते.

सोलोमनच्या खोलीत चारी भिंतींवर बेसबॉलपटूंचे जुने फोटो होते.

"चव्वेचाळीस साली मी मुंबईच्या गोदीत कारकून होतो," ते म्हणाले. "एका अमेरिकन खलाशाने मला जेब हॅलोरनचा फोटो दिला. १९११चा. चेंडू फेकायच्या आधीचा क्षण, डोळ्यांवर टोपीची सावली. खेळ मी कधी पाहिला नव्हता, पण तो चेहरा मनात बसला. बाकीचे त्याच्या पाठोपाठ आले. हा बघा, बॅट खांद्यावर घेतलेला, त्याचाच भाऊ."

शशिधरने बोटाच्या रोखाने पाहिलं. तिथे एक मिशीवाला माणूस बाकावर बसला होता. बॅटवाला पलीकडच्या फ्रेममध्ये होता. आपलंच लक्ष नव्हतं, असं त्याला वाटलं.

वहिनींनी खिडकीतलं भिंग उचललं, काचेवरून बोट फिरवलं आणि परत ठेवलं. बोट धुळीने काळं झालं होतं.

"चोरी कळली कशी?"

"सगळा संग्रह म्युझियमला द्यायचा होता. त्यांचा माणूस आला, हॅलोरनची फ्रेम उघडली आणि म्हणाला, ही अलीकडची कॉपी आहे."

फ्रेम टेबलावरच होती. वहिनींनी फोटो बाहेर काढून उलटा केला. मागे शिसपेन्सिलीने मराठीत लिहिलं होतं, 'नक्कल'.

"ही नक्कल आली कुठून?"

"हल शहरातल्या एका बेसबॉल क्लबाला हवी होती. माझ्या मित्राने, राफाएलने करून दिली. मार्चमध्ये ती पोस्टाने पाठवली, अस्सल फोटो नव्या फ्रेममध्ये बसवला."

"फ्रेम कुणी भरली?"

"मीच. फोटोला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. पण घराची दुसरी किल्ली मुलीकडे, लिलीकडे आहे."

राफाएल दोन घरं सोडून राहायचा. फोटोग्राफीचं दुकान त्याने केव्हाच विकलं होतं, पण डार्करूम ठेवली होती.

"मुद्दाम जुन्या पुठ्ठ्यावर चिकटवली," तो म्हणाला. "समोरून, हाताला, कशीही ओळखू येणार नाही. म्हणून तर मागे लिहून ठेवलं. अस्सलच्या मागे फोटोग्राफरचा भलामोठा निळा शिक्का आहे."

"नकला किती केल्यात?"

"एकच. सोल्या मला चोर म्हणाला असता तर भांडलो तरी असतो. बिचाऱ्या पोरीला म्हणाला."

लिली वॉटफर्डच्या प्रायमरी शाळेत शिकवायची. तिने चहासुद्धा विचारला नाही.

"मी ती फोटो घेतली नाही. जूनमध्ये मी पप्पांची वॉल पेंट केली, फ्रेम्स हाताला येतील तशा परत लावल्या. बस. त्यांनी बघितलं, थँक यू म्हणाले."

"तुला मराठी वाचता येतं?"

"नाही. फक्त बोलते."

गाडीत बसल्यावर शशिधर म्हणाला, "वहिनी, तिनेच केलंय. मागे काय लिहिलंय ते तिला वाचताच आलं नाही, म्हणून खोडायचं राहिलं."

"जवळपास फोन दिसला तर गाडी थांबवा, भावजी," वहिनी म्हणाल्या.

फोनवरून त्या दहा मिनिटांनी परत आल्या. गाडीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "लिलीला घेऊन चला हेंडनला. राफाएललाही बोलवू."

चौघं सोलोमनच्या खोलीत बसले. वहिनी उभ्याच राहिल्या.

"नक्कल एकच होती. ती जर इथे फ्रेममध्ये सापडली, तर मार्चमध्ये हलला काय गेलं? मी फोन केल्यावर क्लबाच्या सेक्रेटरीने तिथल्या भिंतीवरचा फोटो काढून पाहिला. मागे निळा शिक्का आहे."

"म्हणजे अदलाबदल झाली," राफाएल म्हणाला. "पण माझं अक्षर ठळक होतं की!"

"चोराने ते रबराने खोडलं असतं. भावजी म्हणाले, लिलीला मराठी वाचता येत नाही. खरंय. पण निळा शिक्का वाचावा लागत नाही, नुसता दिसावा लागतो. आणि फोटो फ्रेममध्ये बसवला तो नागावकरसाहेबांनी."

वहिनींनी खिडकीकडे बोट केलं.

"संग्राहकाच्या भिंगावर धूळ आहे. लिलीने जूनमध्ये फ्रेम्सच्या जागा बदलल्या. साहेबांनी आज बाकावर बसलेल्या माणसाकडे बोट दाखवून बॅटवाल्याचं वर्णन केलं. जुन्या जागा त्यांना पाठ आहेत. नव्या दिसल्याच नाहीत."

शशिधरला एकदम लाज वाटली, कशाची ते त्यालाच कळेना.

"पप्पा?" लिली म्हणाली.

"कडेकडेचं दिसतं," सोलोमन हळूच म्हणाले. "मधे नुसता धूर. माणसं आवाजावरून कळतात."

"कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून."

"तुम्ही मला थीफ म्हणालात." लिली म्हणाली. "सगळ्यांना सांगितलं. आणि दिसत नाही, एवढं एक सांगितलं नाहीत?"

"चोर सापडला असता तर फक्त फोटो गेला असता, लिली. चोर नसेल, तर मग माझे डोळे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "तुझ्यावर आळ घेतला. जवळ तूच होतीस. चुकलो."

वहिनींनी शशिधरला खूण केली, आणि दोघं दाराकडे वळले.

लिली उठली. मग आल्यापासून अंगावर असलेला कोट तिने काढून खुर्चीवर टाकला आणि वडिलांसमोर बसली.

"सोल्या, उद्या सकाळीच हलला जाऊन आणू तुझा हॅलोरन," राफाएल म्हणाला.

"नाही अंकल," लिली म्हणाली. "उद्या आय क्लिनिक. हल नंतर."