दोरमी भाषेचे पंचवीस गुण

लातूरच्या भाषारोपण केंद्रात नेहमीच्या प्रश्नांचा तक्ता टांगलेला होता. भाषा किती वेळात येते? पाऊण तासात. व्याकरण आधी करावं का? गरज नाही.

रेवती बिडवेचा प्रश्न तक्त्यावर नव्हता. वैद्यकीय प्रवेशाला तिला बावीस गुण कमी पडत होते, आणि नव्या नियमाने भाषा जितकी दुर्मिळ तितके गुण जास्त. इंग्रजीला शून्य, जपानीला दोन, दोरमीला पंचवीस. दोरमी बोलणारं जगात एकच माणूस उरलं होतं : शेजारच्या खुर्चीत चहा फुंकत बसलेल्या भुराबाई.

"भाषा म्हणजे मेंदूतल्या जोडण्या," डॉ. मणियार म्हणाल्या. "यंत्र त्या वाचतं तेव्हा त्या सुटतात. नक्कल होत नाही, बदली होते. मावशी, मराठी राहील, दोरमी जाईल."

"जाऊ दे," भुराबाई म्हणाल्या. "बोलायला होती ती बहीण गेल्यापासून आठ वर्षं भाषा नुसती पडून आहे."

सर्वांत जास्त वापरलेलं वाक्य आधी बाहेर येतं, असंही डॉक्टरांनी बजावलं. मागे जर्मन रोपून घेतलेला एक मुलगा शुद्धीवर येताच त्यांच्याकडे गृहपाठ मागत होता. दाता मास्तर होता.

रेवती शुद्धीवर आली आणि दोरमीत काहीतरी बोलली.

"काय म्हणालीस गं?" भुराबाईंनी परक्यासारखं विचारलं.

"दार उघडंच आहे, ये," रेवतीने मराठीत सांगितलं.

"कोणाला?"

ते भाषेसोबत आलं नव्हतं.

वसतिगृहात रेवतीला दोरमीत विनोद सुचत. ती एकटीच हसे. खोलीतल्या मुलीने आठवड्यात खोली बदलून घेतली. मग रेवती पंख्याशी बोलू लागली. पंखा ऐकून घ्यायचा.

महिन्याने विद्यापीठाचं पत्र आलं. तोंडी परीक्षा, चाळीस दिवसांनी. परीक्षक : श्रीमती भुराबाई.

तिने विद्यापीठाला फोन लावून भुराबाईंना आता दोरमी येत नसल्याचं सांगितलं. कारकुनाने शांतपणे सांगितलं, की दुसरा जाणकार असल्यास चालेल.

"मी आहे ना."

"मग ताई, तुमची परीक्षा तुम्हीच घेणार का?"

भाषा परत रोपली तर परीक्षक मिळाला असता, पण उमेदवार उरला नसता. राहता राहिला शिकण्या-शिकवण्याचा जुनाच मार्ग.

दुसऱ्या दिवशी भुराबाई वही घेऊन रेवतीकडे हजर झाल्या. किती दिवस लागतील? व्याकरण आधी करायचं का? या वयात येईल का मला?

तक्त्यावरची उत्तरं इथे चालणार नव्हती. "बघू," रेवती म्हणाली, आणि तिने त्यांना पहिलं वाक्य दिलं, त्यांचंच.

भुराबाई तीनदा अडखळल्या. चौथ्यांदा सरळ म्हणाल्या, "दार उघडंच आहे, ये."

रेवतीच्या तोंडून, आठ वर्षं कोणीच न वापरलेला, दोरमीतला शब्द आपोआप निघाला.

"आले."