हाकेचं बटण

बसा. लाइट आता लवकर येत नाही, तोवर ऐका. रायपूर राजधानी झालं, त्या सुमाराची गोष्ट. गावात साहेब वाढले, गाड्या वाढल्या, आणि पेट्या दुरुस्त करणाऱ्या माझ्यासारख्याचं काम तेवढं आटलं. साहेबांची पोरं कीबोर्ड वाजवतात, त्याला भाता नसतो. पुरानी बस्तीतल्या घराच्या पुढच्या खोलीत मी दुकान मांडून माश्या मारत बसायचो. अशाच एका मे महिन्याच्या दुपारी मंदाकिनीबाई कॉन्सर्टिना घेऊन आल्या.

कॉन्सर्टिना म्हणजे दोन हातांत मावणारी सहाकोनी पेटी. मधे भाता, दोन्ही टोकांना बटणं. बाईंचे यजमान यज्ञेश्वरराव रेल्वेत होते. निवृत्त होणाऱ्या एका गार्डकडून त्यांनी ती घेतली होती. वाजवता फारसं येत नव्हतं, पण एका बटणाचा त्यांनी भारी उपयोग केला. बायकोला बोलवायचं झालं की खुर्चीतूनच ते दाबायचे. आमच्या लोकांत बायकोला नावाने हाक मारत नाहीत, कबूल. पण या गृहस्थाने तिच्यावर ‘अगं’ म्हणण्याइतकाही श्वास खर्च केला नाही. सूर वाजला की बाई चहा घेऊन हजर. सारा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, ते ऐकायचा आणि हसायचा.

यज्ञेश्वरराव त्या थंडीत वारले होते.

“भाऊ, हिचा एक सूर बिघडला,” बाई म्हणाल्या.

“वाजत नाही?”

“वाजते. भाता पट्ट्यानं बांधून ठेवला, तरी वाजते. दुपारी, ह्यांच्या चहाच्या टायमाला.” त्या हळू बोलत होत्या. “अन् मी उठते. गुडघे साथ नाही देत, तरी उठते. मले पोरीकडे जायचं आहे नागपूरले. दोनदा बॅग भरली, भाऊ. दोनदा दारातून परत बोलावलं... तो सूर काढून टाका. मले सुटू द्या.”

मी मनात म्हटलं, स्प्रिंग. बटणाखालची स्प्रिंग सैल झाली की झडप नीट बसत नाही आणि जरा हवा लागली की सूर आपोआप बोलतो. बाईंना बसवलं, स्क्रू काढले. टोकाची फळी उचलली आणि आतून वास आला. चामड्याचा नव्हे. आजारी माणसाच्या सकाळच्या तोंडाला येतो, तो वास.

स्प्रिंग ताठ होती. झडपही घट्ट होती. मग मी सूर बाहेर काढला. सूर म्हणजे पितळी चौकट, तिच्यात एका बाजूने बसवलेली पातळ पत्ती. हवेने ती थरथरते, तेव्हा आवाज होतो. एका बटणाला असे दोन असतात, एक भाता ओढताना, एक दाबताना. दोन्ही चौकटी मी उजेडाला धरल्या. पत्त्या नव्हत्या. मुळातून तुटल्या होत्या, आणि तुटल्या जागी हिरवा गंज चढलेला. असा गंज पाच-सहा महिन्यांत चढत नाही, त्याला वर्षं लागतात.

यज्ञेश्वरराव जिवंत असतानाही ते बटण मुकंच होतं. मग पारा इतकी वर्षं काय ऐकून हसत होता? मी स्वतः ऐकलं होतं हो.

“बाई... हिच्यात सूरच नाही.”

त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते आणि नजर घड्याळाकडे होती. कूलरची घरघर तेवढी चालू होती. चहाची वेळ झाली.

आतून चपलांचा आवाज आला. माझी बायको इंदू कप घेऊन बाहेर आली. माझ्याकडे न बघता तिने तो उघड्या कॉन्सर्टिनासमोर ठेवला.

“कोणी मागितला?” मी विचारलं.

“काहून? आत्ता वाजवलं नाही का तुम्ही?”

मंदाकिनीबाईंचे हात खुर्चीवरून सुटले. “मले नाही आला,” त्या पुटपुटल्या. “आज... मले नाही आला ऐकू.” त्या उठल्या, भिंतीला न धरता. इंदूकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. “राहू द्या ती इथंच,” एवढं म्हणून गेल्या. त्याच आठवड्यात नागपूरची गाडी धरली. मला त्या बाईचा राग आला, अजून येतो. पण तिच्या जागी मीही हेच केलं असतं.

मी नवी पत्ती बसवून पाहिली, काढून पाहिली. शेवटी पेटी तलावात टाकून आलो. काही फरक पडला नाही. मला ऐकू येत नाही. इंदूला येतं. माझ्या हाकेला ही बाई आयुष्यभर ‘हातातलं टाकून येऊ का’ म्हणाली, आणि मला ते मनापासून आवडायचं. आता निमूट उठते आणि रिकाम्या खुर्चीपुढे कप ठेवते.

परवा मी तिचा हात धरला. “अगं, बस. काही वाजलं नाही.”

“वाजत नाही आता,” ती म्हणाली. “आता ते नावानं बोलावतात.”

“इंदू म्हणून?”

“नाही,” म्हणाली, आणि तिने नाव सांगितलं. तिचं माहेरचं नाव. लग्नात तांदळावर अंगठीने नवं नाव लिहून मी ते पुसलं होतं. या गावात ते कोणाला ठाऊक असायचं कारण नाही. खरं सांगू? मीसुद्धा ते विसरलो होतो.