घळीतलं गिधाड आणि बारीक सेल

सासूबाईंचं गिधाड जागचं हलत नव्हतं. त्याच्या पाठीवर त्यांनी स्वतः बांधलेला छोटा ट्रान्समीटर होता आणि त्याची टिकटिक कितीतरी दिवस डोंगरापलीकडून, एकाच दिशेने येत होती. म्हणजे पक्षी मेला होता, नाहीतर मरायला टेकला होता. ट्रान्समीटर बांधलेल्या पक्ष्यांपैकी हा एकच उरला होता. सासूबाईंचं सगळं संशोधन त्याच्यावर टांगलेलं होतं. म्हणून आम्ही त्याला शोधायला निघालो: सासूबाई, त्यांची लेक म्हणजे गुरांची डॉक्टर असलेली माझी बायको, आणि मी. माझं चष्म्याचं दुकान. काचेवर बोटाचा ठसा दिसला तरी मला चैन पडत नाही. मला नेलं ते अँटेना धरायला.

डोंगराच्या पायथ्याशीच दलदल लागली. काळा, चिकट, सडक्या अंड्यांच्या वासाचा चिखल. पाऊल काढलं की खालून बुडबुडे यायचे आणि वासाचा नवा भपका नाकात शिरायचा. पलीकडे पोचल्यावर बूट काढला, तर मोज्यात दोन जळवा फुगून बसलेल्या. मी बूट लांब फेकला.

"जावईबापू, त्या पोट भरलं की आपोआप सुटतात," सासूबाई म्हणाल्या.

"आई, त्यांचं पोट भरेपर्यंत मी शुद्धीवर राहायला हवं ना," मी म्हणालो.

बायकोने हसत हसत दोन्ही जळवा नखाने सोडवल्या.

खिंडीत पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. समोर उतारावर घळींचं जाळं पसरलं होतं, सगळ्या सारख्याच, झाडोऱ्याने बुजलेल्या. सासूबाईंनी टिकटिक पकडणाऱ्या रिसीव्हरचं बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. ढिम्म.

मी मागचं झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं. आतले चारही जाडे सेल फुटून पाझरले होते. हिरवट पांढरी बुरशीसारखी खपली, तिच्याखाली ओशट पाणी, सगळं एकमेकांत लडबडलेलं. रिसीव्हरच्या डब्यात ठेवलेल्या जादा सेलांचीही तीच गत.

"परत फिरायचं?" बायकोने विचारलं.

सासूबाई घळींकडे बघत राहिल्या. "परत येईपर्यंत ते जगेल असं वाटत नाही मला," त्या हळूच म्हणाल्या.

आमच्या डोक्यावरच्या दिव्यांत चार्जिंगचे पेन्सिल सेल होते. मी ते काढायला लागलो.

"अरे, मग उतरताना अंधार झाला तर?" बायको म्हणाली.

"अंधाराच्या आत उतरायचं."

आधी तो कप्पा साफ करायचा होता. चष्म्याच्या बारीक स्क्रूड्रायव्हरने मी खपली खरवडली. ती नखांत गेली, बोटं चुरचुरू लागली. एक स्प्रिंग तर हात लागताच तुटून पडली. बायकोने बँडेज दिलं. प्रत्येक बारीक सेलाभोवती ते गुंडाळत गुंडाळत मी त्याला जाड्या सेलाएवढं अंग आणलं, म्हणजे तो खाचेत डुगडुगणार नाही. पण लांबीलाही ते तोकडे होते. खाण्याच्या पुड्यांचा चंदेरी कागद घड्या घालून, दगडाने ठोकून मी त्याचे घट्ट गोळे केले आणि सेलाच्या टोकाशी दाबून बसवले. तुटलेल्या स्प्रिंगच्या जागी मोठा गोळा. कागदाचा कोपरा शेजारच्या पत्र्याला टेकू न देणं महत्त्वाचं होतं, नाहीतर सेल तापून भाजले असते.

बटण दाबलं. रिसीव्हरचा दिवा मिणमिणला आणि विझला.

चार्जिंगचे सेल साध्या सेलांपेक्षा जरा अशक्त असतात. चारांचं बळ पुरत नव्हतं. मग मी पाचवा सेल कप्प्याबाहेर चिकटपट्टीने बांधला, तारेच्या तुकड्याने त्याला बाकीच्यांच्या रांगेत जोडलं आणि पुन्हा बटण दाबलं.

टिक. टिक. टिक.

सासूबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांचे हात चिखलाने भरले होते.

सेल लहान, त्यांची ताकदही थोडीच. म्हणून प्रत्येक फाट्यावर क्षणभर चालू करायचं, अँटेना फिरवून दिशा घ्यायची, बंद करायचं. टिकटिक मोठी होत गेली आणि तिच्यापाठोपाठ वास येऊ लागला. शेवटच्या घळीत तो इतका दाट होता की जिभेवर चव लागत होती. आजूबाजूचे लोक मेलेली जनावरं वरच्या कड्यावरून खाली ढकलत असावेत. खाली कातडी, हाडं, फुगलेली पोटं आणि वळवळणाऱ्या अळ्यांचे थर होते. मी नाकाला रुमाल बांधला. तरी ओकलोच.

"तिथे!" बायको ओरडली.

एका म्हशीच्या बरगड्यांत गिधाड अडकलं होतं. ट्रान्समीटरचा पट्टा ढिला होऊन बरगडीत गुंतला होता. बसल्या जागी खायला भरपूर होतं, म्हणूनच ते तगलं होतं. आम्हाला बघून ते धडपडलं. पट्टा आणखी आवळला. पंख मोडणार होता!

मी वाकलो. गुडघा कशाततरी मऊ रुतला. कशात, ते मी पाहिलं नाही. दोन्ही हातांनी पंख दाबून धरले. बायकोने चोच धरली. सासूबाईंनी कात्री काढली आणि थांबल्या.

"आई, पट्टा नुसता सोडवून परत बांधता येईल," मी म्हणालो.

त्यांनी पट्ट्याखालची जखम पाहिली. पिसं झडून मांस उघडं पडलं होतं.

"नको," त्या म्हणाल्या. "पुरे झालं याला."

कात्री चालली. ट्रान्समीटर त्या घाणीत पडला. बायकोने जखमेवर औषध मारलं आणि आम्ही मागे सरकलो. गिधाड दोन उड्या मारून थबकलं. पोट तट्ट भरलेलं, उडता येईना. त्याने मान खाली घातली, माझ्याकडे पाहिलं आणि पोटातलं सगळं माझ्या छातीवर ओकून टाकलं.

तो वास मी सांगणार नाही.

हलकं झालेलं गिधाड धावलं, पंख पसरले आणि कड्यावरून वर निघून गेलं. ते दिसेनासं होईपर्यंत सासूबाई मान वर करून उभ्या होत्या. मग त्यांनी आपला पदर पुढे केला आणि माझं तोंड पुसलं.