मुंगसाला धाप लागते

वाचनालयाच्या अभ्यासिकेत, खिडकीजवळच्या टेबलावर तो बसला होता आणि माझ्या डोळ्यांदेखत चाळीस वर्षं जुन्या अंकाचा जीव घेत होता.

त्याला अर्थातच तसं वाटत नव्हतं. ‘मुंगूस’ या जुन्या चित्रकथेचा सातवा अंक त्याने उघडून ठेवला होता, वर ट्रेसिंग पेपर अंथरला होता आणि ओठ किंचित दुमडून रेघा गिरवत होता. मी बांधणीला आलेल्या पुस्तकांचा हनुवटीपर्यंत गठ्ठा घेऊन तिथून चालले होते.

“पेन्सिल उचला,” मी म्हणाले.

“अं?”

“आधी पेन्सिल. मग कागद. हळूच.”

त्याने पकडलेल्या चोरासारखे दोन्ही हात वर केले. मी गठ्ठा खाली टेकवला आणि पान उजेडाकडे तिरकं धरलं. मुंगसाच्या गालावरून, खांद्यावरून पेन्सिलीचे वळ उठले होते.

“दिसलं? हा कागद वाळक्या पानासारखा झालाय. आणखी दोन रेघा आणि तुकडाच पडला असता.”

“चुकलं माझं. मला वाटलं, माझा हात हलका आहे.”

“सगळ्यांना आपला हात हलकाच वाटतो.”

तो हसला. मी हसले नाही... म्हणजे त्याला दिसेल असं हसले नाही.

वाचनालयाच्या तळघरात माझी बांधणीची खोली आहे. अंक मी जप्त केला आणि हवा असेल तर तिथे येऊन, माझ्यासमोर, पेन्सिल खिशात ठेवून बघावा, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. सुई-दोरा, दाबयंत्र, खळीचं भांडं, सगळं निरखत स्टुलावर बसला.

“कामासाठी हवा आहे हो,” तो म्हणाला. “‘मुंगूस’ पुन्हा काढतायत ना... नवा सिनेमा. त्याची दृश्यचित्रं मी करतोय. शूटिंगच्या आधी प्रत्येक प्रसंग कागदावर काढावा लागतो.”

माझ्या हातातली सुई थांबली.

आता हे सांगायला हवं की मी साधी वाचक नव्हते. या अंकांवरून निघालेला जुना ‘मुंगूस’ सिनेमा थिएटरात चार दिवस चालला आणि पडला. पण ज्यांनी तो पाहिला त्यांच्या डोक्यातून तो कधी उतरलाच नाही. आम्ही तीसेक जण दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमायचो. स्वतःला ‘मुंगसे’ म्हणवून घ्यायचो. एक दातांचे डॉक्टर आमचे अध्यक्ष होते आणि मी चिटणीस. नव्या सिनेमाची बातमी आल्यापासून आमच्या बैठकांना सुतकी कळा आली होती.

“म्हणजे ते तुम्ही,” मी म्हणाले.

“ते मी... एकटाच नाही. पण हो.”

“मग ऐका. आमचा मुंगूस उडत नाही. तो लिफ्ट दुरुस्त करणारा साधा माणूस आहे. जिना चढताना त्याला धाप लागते. त्याचा मुखवटा जुन्या कोटाच्या अस्तराचा आहे, एक डोळा जरा खाली शिवलाय. तुम्ही त्याला देखणा करणार, कॉम्प्युटरवर शेपूट लावणार, आणि तो इमारतींवरून उड्या मारणार. बरोबर?”

“शेपटीवर चर्चा झाली,” तो कबूल झाला. “मी नाही म्हणालो.”

“आणि धाप?”

त्याने पिशवीतून वही काढून माझ्यासमोर सरकवली. आठ चौकटी होत्या. आठही जिन्याच्या. चौथीत मुंगूस कठड्याला टेकला होता, सहावीत पायरीवर चक्क खाली बसला होता, आणि सातवीत एक म्हातारी भाजीची पिशवी घेऊन त्याला ओलांडून वर चालली होती.

मी वही परत केली. “म्हातारी मूळ अंकात नाही.”

“नाही. पण बरी आहे ना?”

बरी होती. हे मी त्याला पुढच्या गुरुवारी सांगितलं.

पुढच्या गुरुवारी, कारण त्याने सव्वीसच्या सव्वीस अंक माझ्या देखरेखीखाली बघायचे ठरवले होते आणि मी आठवड्याला एकच देत होते. तेवढ्याने काम भागत नसणार, पण त्याने तक्रार केली नाही. मला ‘बाइंडरबाई’ म्हणायला लागला. मी अंकाच्या पाठीला खळ लावत असले की कोपर टेबलावर टेकून बघत बसायचा. अंक सोडून माझ्या बोटांकडे.

“अंक तिकडे आहे,” मी म्हणायचे.

“तोच वाचतोय.”

“वाचा मग. पान उलटा.”

“तुम्ही खळ लावताना जीभ बाहेर काढता, माहितेय?”

त्या दिवशी मी एक अख्खा अंक उलटा शिवला. माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच.

एका गुरुवारी वारा सुटला होता, रस्त्यावरची धूळ भिरभिरत होती, आणि तो मला घरापर्यंत सोडायला आला. दारात बाबा उभे होते. माझे बाबा थिएटरात प्रोजेक्टर चालवायचे. जुन्या ‘मुंगूस’चे ते चार दिवस त्यांनीच चालवले आणि शेवटच्या खेळाला आठ वर्षांच्या मला प्रोजेक्टरच्या खोलीत खुर्चीवर उभं करून भिंतीतल्या चौकोनातून तो दाखवला. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. “जन्मभर पडद्यावर उजेड टाकला आणि शेवटी डोळ्याचाच पडदा गेला,” असं ते स्वतःच सांगतात आणि समोरचा हसेपर्यंत थांबतात.

“हे नव्या सिनेमावाले,” मी ओळख करून दिली, जरा तोंड वाकडं करून.

“अरे वा,” बाबा म्हणाले. “या. काय काय काढलंय, सांगा बघू.”

आणि तो बसला. जिन्याचा प्रसंग त्याने चौकटीगणिक सांगितला. उजेड कुठून येतो, म्हातारीच्या चपला कशा वाजतात. बाबा डोळे मिटून ऐकत होते. तो इतक्या हळुवार सांगत होता की मी चहाला आधण ठेवलं आणि विसरले.

तो गेल्यावर मी म्हणाले, “बाबा, तुम्हाला राग नाही येत? आपला सिनेमा परत काढतायत.”

“अगं, रीळ प्रत्येक खेळाला थोडं झिजायचं. नवा ओरखडा, नवी उडी. कुठलाच खेळ आधीच्या खेळासारखा नसायचा,” बाबा म्हणाले. “आणि मुलगा चांगला सांगतो. मी त्याला पेन्सिलवाले म्हणणार.”

मग गुरुवार आमच्याच घरचे झाले.

कधीतरी तुम्हीचं तू झालं. मीच आधी घसरले. तो दारात चपला घालत असताना म्हणाले, “सावकाश जा, तुझा मफलर...” आणि जीभ चावली. तो खाली वाकला होता, तसाच राहिला.

“परत म्हण.”

“काय?”

“मफलर सोडून उरलेलं.”

“तू,” मी म्हणाले आणि दार लावून घेतलं. दाराला पाठ टेकून किती वेळ उभी होते, बाबांनाच माहीत. त्यांना दिसत नाही, पण घरातलं सगळं ऐकू येतं.

त्याच सुमारास त्याने मला शेवटच्या प्रसंगाचं सांगितलं.

जुन्या सिनेमात शेवटी मुंगूस मोठ्या बहिणीसमोर मुखवटा काढतो. जन्मभर ती त्या मुखवटेवाल्याला शिव्या देत आलेली असते. तो काहीच बोलत नाही. ती बघत राहते आणि मग त्याच्यासाठी खुर्ची ओढते. बस्स. आम्ही मुंगसे त्या खुर्चीवर जीव टाकतो.

“नव्या पटकथेत तिथे दीड पानाचं भाषण आहे,” तो म्हणाला. “मी भांडतोय. भाषण नसलेली चित्रं काढून दिग्दर्शकाला दाखवणार आहे. पण हे बाहेर जायला नको हं. कुणाकडेच नाही.”

“मी कुणाला सांगणार?”

रविवारीच सांगितलं.

वाईट हेतूने नव्हे, एवढंच म्हणू शकते. बैठकीत अध्यक्ष तावातावाने बोलत होते. ही मंडळी अंक उघडून बघत नाहीत, त्यांना कशाची चाड नाही, चित्रं काढणाराही भाडोत्रीच असेल. ‘भाडोत्री’ शब्दाने माझं डोकं फिरलं.

“त्याला चाड आहे,” मी म्हणाले. “ते शेवटचं भाषण काढायला तो एकटा भांडतोय.”

“कुठलं भाषण?” अध्यक्षांनी विचारलं.

संध्याकाळपर्यंत अध्यक्षांनी ते इंटरनेटवर लिहिलं होतं आणि ते सगळीकडे झालं होतं. दीड पान, बहीण, खुर्ची, आणि ‘चित्रकारानेच आतून दिलेली माहिती’.

सोमवारी रजा टाकून मी त्याच्या कामाच्या जागी गेले. खोक्यांच्या कारखान्याच्या वर एक लांबट खोली, भिंतभर चिकटवलेल्या चौकटी. शेवटच्या भिंतीवरची चित्रं कुणीतरी काढून नेली होती. नुसत्या टाचण्या उरल्या होत्या.

“तू लिहिलंस?” त्याने विचारलं.

“नाही. पण सांगितलं मीच. ते तुला वाईट बोलत होते आणि मी...” मी टाचण्यांवरून नजर काढून त्याच्याकडे बघितलं. “कारण काही असो. तू नको म्हणाला होतास आणि मी सांगितलं.”

“शेवटचा प्रसंग दुसऱ्याकडे गेला. माझी चित्रं त्यांनी उघडूनही बघितली नाहीत.” आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. “मला आता काम करू दे.”

खाली कारखान्यात खोकी ठोकण्याचा आवाज चालला होता. मी त्या आवाजातून चालत घरी आले.

पुढच्या रविवारी मी बैठकीत उभी राहिले. एका माणसाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी फोडली, त्याने आम्हाला काहीही दिलेलं नाही, हे मी सर्वांसमोर बोलले आणि तसं जाहीर करायला लावलं. चिटणीसपद सोडलं. अध्यक्ष खाली बघत म्हणाले, “मला तरी थांबायला हवं होतं.” ते चांगले आहेत, फक्त उतावळे.

याचा त्याच्या कामाला काही उपयोग झाला नाही. दोन गुरुवार गेले. बाबा रोज विचारायचे आणि मी रोज म्हणायचे, “कामात असेल.”

तिसऱ्या गुरुवारी कामावरून आले तर दारात ओळखीच्या चपला. आत बाबा नेहमीच्या खुर्चीत, आणि तो समोर, वही उघडून.

“मी बोलावलं,” बाबा म्हणाले. “मुंगूस अडकलाय लिफ्टमध्ये, आणि यांचा पत्ता नाही. असं अर्ध्यात सोडतात होय?”

मी स्वयंपाकघरात गेले. चहा करायचा होता, पण नुसतीच ओट्याला धरून उभी राहिले. थोड्या वेळाने तो दारात आला.

“जाहीर केलेलं वाचलं,” तो म्हणाला. “पद सोडलंस?”

“हो.”

“तुझा जीव होता त्या बैठकीत.”

“अजून आहे. मागच्या बाकावरून ऐकेन.”

त्याने चहाचं भांडं उचलून शेगडीवर ठेवलं. “मला फार राग आला होता. अजून थोडा आहे. पण राग आला की कुणाला तरी सांगावंसं वाटतं ना... आणि दर वेळी तूच आठवायचीस. फार पंचाईत झाली.”

“मग सांग की. मी ऐकते.”

“अख्खा?”

“अख्खा. चहा होईस्तोवर.”

त्याने सांगितला. मी सगळा ऐकला, मध्ये तोंड न घालता. चहा दोनदा उकळला आणि बाहेरून बाबा म्हणाले, “आता चहात काही राहिलं नसेल. या इकडे.”

सिनेमा वर्षभराने आला. आम्ही तिघं दुपारच्या खेळाला गेलो, बाबा मध्ये, आम्ही दोन बाजूंना. बहिणीसमोरचं भाषण होतंच, दीड पानाचं पाऊण झालेलं. तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरला, पण काही कोसळलं नाही. पुढच्या रांगेतली एक लहान मुलगी खुर्चीवर गुडघे टेकून बघत होती. जिन्यावरची म्हातारी आली तेव्हा ती इतकी खदखदून हसली की बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मला हेवा वाटला. तिचा हा पहिलाच ‘मुंगूस’ होता.

बाहेर लख्ख ऊन होतं. बाबा काठी टेकत पुढे निघाले. तो माझ्याकडे न बघता चालत होता.

“खरं सांग. कसा वाटला?”

“खरं? मुखवटा फार नीटनेटका आहे. भाषण नको होतं. मध्यंतरापर्यंत चांगलाच आहे.”

“आणि नंतर?”

“नंतरचं नीटसं सांगता नाही येणार.” माझे कान तापले होते. “बाबांच्या डोक्यावरून तुझा चेहराच बघत होते. दोन वाक्यं झाली की परत तिकडेच... मला तू फार आवडतोस. वर्षभर सांगायचं राहिलंय.”

तो रस्त्याच्या मधोमध थांबला. मागून आलेल्या सायकलवाल्याने घंटी वाजवली, वळसा घातला, वळून बघत गेला. त्याने माझा हात धरून मला कडेला घेतलं आणि कडेला आल्यावरही तो सोडला नाही.

“उद्या परत बघूया,” तो म्हणाला. “मध्यंतरानंतरचा.”

“उद्याही तेच होईल.”

“मग परवा.”

पुढे बाबा कोपऱ्यावर उभे होते, तोंड उन्हाकडे करून. “या सावकाश,” ते म्हणाले. “मला काही घाई नाही.”