उठवलेली मुलं

झोपलेल्याला उठवायला दोनच गोष्टी लागतात, गार पाणी आणि गरम हात, असं शिट्टीसरांचं ठाम मत होतं. उभा जन्म खेळाचे शिक्षक म्हणून काढल्यावर त्यांना मुलांच्या वसतिगृहाचं रेक्टरपद मिळालं होतं. रोज सकाळी गळ्यात शिट्टी आणि खांद्यावर ओला टॉवेल अशा थाटात ते जिना चढायचे आणि एकेका दारावर लाथ घालायचे. "उठा, कुंभकर्णांनो! सूर्य डोक्यावर आला!" मुलं मनातल्या मनात शिव्या घालत उठायची, आणि सर मनातल्या मनात त्या ऐकून खूश व्हायचे.

त्या वर्षी मात्र वरच्या मजल्यावरची मुलं उठेनाशी झाली. शिट्टी वाजो नाहीतर दार मोडो, ही आपली ढिम्म. सकाळचे तास बुडायचे आणि भर दुपारी ही मंडळी तोंडं सुजवून जेवणघरात हजर व्हायची. प्राचार्यांनी सरांना झापलं. सरांनी मुलांना झापलं. फरक शून्य.

त्यात सरांचा सख्खा भाचा होता, हे खरं दुखणं. धाकट्या बहिणीचा एकुलता एक. नवरा गेल्यावर तिने शिलाईमशीन चालवून त्याला वाढवला आणि कॉलेजात घालताना म्हणाली होती, "दादा, याला तुझ्या पदरात टाकते." आता पोराची हजेरी इतकी घसरली होती, की परीक्षेचा एक पेपर जरी चुकला तरी कॉलेजातून काढणार होते. बहिणीला काय तोंड दाखवायचं, या विचाराने सरांचा घास घशाखाली उतरेना.

कॉलेजच्या डॉक्टरीणबाईंनी मुलांना तपासलं. "कारणं पुष्कळ असतात, सर. रात्रीचा मोबाइल, रक्त कमी असणं, थायरॉइड, मनाची उदासी. जागरणं साठतात आणि मग शरीर वसूल करतं."

"यादीत आळस राहिला की," सर म्हणाले.

"आळसाने वळ उठत नाहीत." बाईंनी एकाचा शर्ट वर केला. पाठभर काळेनिळे डाग होते. "तुम्ही मारता यांना?"

"एखादी चापट देतो. हे माझं काम नाही."

"मग कुणाचं?"

मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याने शर्ट खाली ओढून घेतला.

पोरं रात्री मारामाऱ्या करतात, असा सरांनी सरळ हिशेब मांडला. प्रत्येकाला वेगळी खोली होतीच, त्यांनी बाहेरून कड्याही घातल्या. सकाळी कड्या काढल्या तर एकाचा ओठ फाटलेला, एकाचं नख मुळासकट उपटलेलं. बंद खोलीत, एकटाच असताना!

त्याच सकाळी सरांचं डोकं फिरलं. लंबू म्हणून बास्केटबॉल खेळणारा एक उंचाडा मुलगा होता. तो झोपेत मुठी आवळून पडला होता आणि कुणी थोबाडीत मारावी तशी त्याची मान सारखी एका बाजूला फेकली जात होती. सरांनी त्याला गचांडी धरून ओढला, ओल्या टॉवेलने झोडपला.

"नको," लंबू झोपेतच रडला. "थोडंच राहिलंय, नको!"

सरांनी सणसणीत कानाखाली वाजवली. लंबूने डोळे उघडले. डोळ्यांत झोपेचा मागमूसही नव्हता.

"गुड मॉर्निंग, सर," तो म्हणाला.

तेव्हापासून लंबूला कधी उठवावं लागलं नाही. दार उघडावं तर स्वारी बूट घालून, गुडघ्यांवर हात ठेवून पलंगाच्या कडेला बसलेली. सरांना ब्रह्मानंद झाला. हेच औषध त्यांनी एकेकाला पाजलं आणि एकेक जण सुधारला. प्राचार्यांनी पाठ थोपटली. आता मजल्यावर दंगा नव्हता, शिव्या नव्हत्या, कुणी कुणाची खेचत नव्हतं. लंबूने चेंडूला हात लावणं सोडलं. त्याची आई भेटायला आली ती लगेच बाहेर पडली. दाराशी सरांना म्हणाली, "बरा आहे ना हो तो?" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली.

भाच्यावर तेवढा सरांचा हात उचलला जाईना. बिनबापाचं लेकरू, कसं मारायचं? एका दुपारी तोच त्यांच्याकडे आला. एक डोळा सुजून बंद झाला होता.

"मामा, मला उठवू नकोस. कितीही उशीर झाला तरी."

"का रे बाबा?"

"झोपेत मी माझ्याच खोलीत असतो. दारात तो उभा असतो. त्याला पाडल्याशिवाय बाहेर येता येत नाही. आधी दोन फटक्यांत पडायचा. आता दुपार होते."

"तो म्हणजे कोण?"

भाच्याने खिडकीच्या काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाकडे बघितलं आणि मान फिरवली. "लंबू जिंकत आला होता, मामा. तू त्याला मागून धरलंस, आणि त्याच्याजागी तो दुसरा बाहेर निघून आला."

"वेड्या, हे तुला कुणी सांगितलं?"

"लंबू अजून तिथेच आहे. झोपलो की शेजारच्या भिंतीवर त्याच्या धडका ऐकू येतात."

सर हसले. पण ते हसू त्यांचं त्यांनाच आवडलं नाही.

पहिल्या पेपरच्या दिवशी सकाळीच बहिणीचा फोन आला. "दादा, उठवलंस ना त्याला?" सर भाच्याच्या खोलीत गेले. तो झोपला होता. सरांनी टॉवेल बाहेरच टाकला आणि पलंगाशेजारी बसून राहिले.

भाच्याचं डोकं आदळलं. कट्‌ आवाज झाला, नाक वाकडं झालं आणि रक्ताची धार लागली. त्याच्याजवळ कुणी नव्हतं. सरांनी पलंगाची कड गच्च धरली.

मग पोराची मूठ उठली. हवेत बसली. बोटांची कातडी फाटली. पुन्हा उठली.

"हाण!" सर ओरडले. "हाण त्याला, माझ्या राजा! सोडू नकोस!"

भाचा हाणत होता. त्याचा श्वास मोकळा झाला. फाटक्या ओठांवर चक्क हसू आलं.

आणि गळ्यावर बोटं उमटली.

एकेक बोट, खोल रुतत गेलं. पोराचा चेहरा काळवंडला, टाचा पलंगावर आपटू लागल्या.

सरांना बघवलं नाही.

त्यांनी कानाखाली मारली.

भाच्याने डोळे उघडले. शांतपणे उठला, तोंड धुतलं, पेन खिशाला लावलं. "मामा, तुम्ही दमलात. बसा," म्हणाला आणि परीक्षेला गेला. आजवर त्याने मामाला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

पेपर उत्तम गेला. पुढच्या पेपरला अवकाश होता, म्हणून दुपारी बहीण त्याला चार दिवस घरी न्यायला आली. नाकागळ्याच्या जखमांबद्दल त्याने तिला 'पलंगावरून पडलो' एवढंच सांगितलं. खालच्या खोलीत त्याचा हात हातात घेऊन ती रडत होती आणि हसत होती. "दादा, माझ्या पोराला तू माणसांत आणलंस रे! बॅग तेवढी खाली आण ना त्याची."

सर वर गेले. बॅग दाराशीच भरून ठेवली होती. पलंग रिकामा होता. उशीत मात्र डोक्याएवढा खळगा होता आणि रक्ताचा डाग ओला होता.

"दादा, निघतो आम्ही!" खालून बहिणीने हाक मारली.

सरांनी उशीवर हात ठेवला. ती कोमट होती. त्यांच्या हाताखाली खळगा हळूच सरकला, आणि नव्या जागी रक्त उतरू लागलं.