अर्थासकट

आई गेल्यावर कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोच्या तिच्या घरी राहूनच मी कादंबरी संपवली. कादंबरी इंग्रजीत आहे. तिच्यातली आई मात्र मधूनमधून आर्मेनियन बोलते, कारण माझी आई तशीच बोलायची.

न्यूयॉर्कहून संपादिकेचा, कॅरोलिनचा, फोन आला. "शुशान, वाचक अडखळतात गं. ते शब्द तिरप्या अक्षरांत छापू, आणि लगेच पुढे अर्थ घाल. त्या आईच्याच तोंडी."

"स्वतःच्या मुलीला हाक मारून कुणी अर्थ सांगतं का?"

"कादंबरीत सांगतात."

मी थकले होते. बसून सगळीकडे अर्थ घातले.

दुपारी झाबेलमावशी आली, आईची धाकटी बहीण. बाहेर धुकं इतकं दाट, की कुंपणापलीकडचे द्राक्षवेल दिसत नव्हते. कॉफीचा घोट घेऊन ती म्हणाली, "होकीस, माझ्या जिवा, साखर विसरलीस."

बाकी सगळं नेहमीसारखं आर्मेनियन, पण मधले दोन शब्द स्वच्छ इंग्रजीत होते. टीव्हीवर बातम्या देतात तसे.

"मावशी, तू अर्थ कशाला सांगितलास? तोही इंग्रजीत?"

"मी? मला इंग्रजीत धड भांडतासुद्धा येत नाही! पुस्तकं लिहून डोकं फिरलंय तुझं." तिने नेहमीप्रमाणे भविष्य पाहायला कप बशीत उपडा घातला, थोड्या वेळाने उचलून आत पाहिलं. "वाख, अरेरे, केवढा गाळ!"

ती गेल्यावर मी फोनवर जपून ठेवलेला आईचा निरोप लावला. तो मला पाठ होता. होकीस, सार्मा केलाय, ये.

"होकीस, माझ्या जिवा, सार्मा, म्हणजे द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात, केलाय. ये."

आवाज आईचाच होता. श्वास कुठे तुटला नव्हता. आमच्या दोघींमध्ये कुणी तिसरं उभं असावं आणि ती त्याला अदबीने समजावत असावी, तसं वाटलं.

पुन्हा लावला. तेच.

मी सगळे अर्थ खोडले. तिरपी अक्षरं सरळ केली. मग निरोप लावला.

"होकीस, सार्मा केलाय, ये."

लगेच कॅरोलिनला फोन केला.

"अर्थ काढलेत. छापायचं तर असंच. नाहीतर कादंबरी परत दे."

"वाचकांना कळणार नाही, शुशान."

"मग बसतील थोडा वेळ न कळता. माझी आई या देशात जन्मभर तशी बसली."



मग कॅरोलिन एक वाक्य बोलली. अख्खं, आर्मेनियन, आईच्या हेलात. थंडी पडली की आई रोज म्हणायची ते; मी कुठेच लिहिलं नव्हतं.

"शुशान... मी आत्ता काय म्हणाले?"

"आधी सांग, असंच छापायचं ना?"

"हो. हो, असंच. पण त्याचा अर्थ काय?"

मी सांगितला नाही.

फोन ठेवला. फरशी गार पडली होती. आईच्या कपाटातून लोकरीचे मोजे काढले आणि अनवाणी पायांत चढवले.